जयदेवभाऊंनी सोडलेला खटला

घणसोलीचे जयदेव केणी मूळचे वकील. बहात्तर साली आमदार झाले, अठ्ठ्याहत्तरला पडले आणि एक्क्याऐंशीला ठाण्याच्या कामगार न्यायालयात न्यायाधीश म्हणून आले. मी तिथे कारकून होतो. मला लिहिण्याचा सराव नाही. जमेल तसं लिहितो.

पहिल्या दिवशी कोर्टात शिरताच भाऊंनी सगळ्यांना हात जोडले. लोक उभे, म्हणून हेही उभेच. शेवटी मी हळूच म्हणालो, "साहेब, तुम्ही बसल्याशिवाय कोणाला बसता येत नाही." कोणी म्हातारा साक्षीला आला की "या, या, काय म्हणता?" तोंडातून जायचंच. एकदा एका हरलेल्या कामगाराने दारातून बजावलं, "पुढच्या खेपेला मत नाय!" भाऊंचा चेहरा खरोखर पडला.

चौऱ्याऐंशी साली त्यांच्या बहिणीने, गोजराने, आपली मुलगी सगुणा पावणे गावच्या तुळशीरामच्या मुलाला देऊ केली. साखरपुडा झाला. तुळशीरामला कारखान्याने कामावरून काढलं होतं, हे भाऊंना ठाऊक होतं. पण त्याचा खटला आपल्याच पुढ्यात येणार हे त्यांना कळलं ते मी फाईल टेबलावर ठेवली तेव्हा. खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्यावा, असं त्यांनी त्याच दिवशी वरिष्ठांना लिहिलं.

तिसऱ्या दिवशी गोजरा रडत कोर्टातच आली. भाऊंनी खटला सोडला म्हणून तुळशीरामने सोयरीक मोडल्याचा निरोप धाडला होता.

"लगीन आठ दिवसांवर आलंय रं दादा! तू मामा हायस का जज?"

रविवारी भाऊ मला घेऊन पावण्याला गेले. तुळशीराम ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता. वर न बघताच म्हणाला, "या, आमदार."

"तुळशीराम, खटला माझ्याकडे राहिला असता तर..."

"आमदार व्हतास तवा आमचा रस्ता केला नायस. आता जज झालास तर निकाल देत नायस. तुजा उपेग तरी काय?"

भाऊंनी मतं मागताना जोडायचे तसे हात जोडले. "काही नाही. पण मामा म्हणून चालेन."

तुळशीरामची बायको धोंडूबाई बाजारात मासळी विकायची. ती आतून नवऱ्याला बोलली, "माज्या सोयऱ्यानं लावलेल्या मासळीच्या वाट्यावर गिऱ्हाईक इस्वास ठेवील का? ह्यानं तुमाला जितवलं असतं, तर कंपनीवाले वरच्या कोर्टात गेलं असतं. बोललं असतं, सोयऱ्यानं सोयऱ्याला दिला निकाल. मंग?"

तुळशीरामने जाळं खाली ठेवलं. दाढी खाजवली.

"लग्नाला टायमात ये," तो म्हणाला. "आमदार व्हतास तवा दोन-दोन तास खोळंबवायचास."

लग्नाच्या दिवशी भाऊ इतक्या लवकर पोचले, की मांडववाले अजून आले नव्हते.

खटला चार वर्षं चालला आणि तुळशीराम जिंकला. टोपलीभर खेकडे घेऊन तो घणसोलीला आला. मी कागदांवर सही घ्यायला तिथेच गेलो होतो.

"अरे, मी काहीच केलं नाही," भाऊ म्हणाले.

"तेच तर! तू काय केलं नायस म्हनून जितलो."

खेकडे घ्यावेत की नाही, म्हणून भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. खटला दुसऱ्यांच्या कोर्टातला, तोही निकाली निघालेला, असं मी सांगितलं. मग त्यांनी घेतले. त्यातले चार मलाही दिले. मी खेकडे खात नाही, हे सांगायचा मला धीर झाला नाही.