वंदनेची कॅसेट

हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, विहारातल्या बायकांना तर नाहीच. मी चौथीपर्यंत शिकलेली, लिहायची सवय नाही. पण तोंडानं सांगायचं तर समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं — ते मला कधी जमलं?

माझा धाकटा भाऊ राजू रिछाईच्या कारखान्यात होता. सुटी झाली की आमच्या मागच्या खोलीत मित्रांबरोबर हेवी मेटल गायचा. मांडणीवरची भांडी थरथरायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण गाणारा भाऊ माझा होता. अंकुर नावाचा त्याचा एक हिंदी बोलणारा मित्र रोज येऊन नुसता ऐकत बसायचा. माझ्या पाया पडायचा, चहाचा कप स्वतः धुऊन ठेवायचा. मला वाटायचं — हा इतका गोड काहून वागतो? याला काय पाहिजे?

मग राजूच्या गळ्यात गाठी निघाल्या. नागपूरला ऑपरेशन ठरलं. त्यांच्या गाण्यांची कॅसेट निघायची होती, ती थांबवता येत नव्हती. राजूच्या जागी अंकुर गाईल, असं सगळ्यांनी ठरवलं. राजूनंसुद्धा. मी मनात म्हटलं, हा वर्षभर याचीच तर वाट बघत होता.

निघायच्या आदल्या दिवशी राजू टेपरेकॉर्डरसमोर बसला आणि बसलेल्या आवाजात सगळी गाणी गायला. श्वास कुठं घ्यायचा, जोर कुठं लावायचा, तेही सांगत गेला. कॅसेट माझ्या हातात दिली.

“ताई, हे अंकुरला देऊन दे. आठवणीनं.”

मी दिली नाही.

विसरले असते तर — पण विसरले नव्हते. पौर्णिमेला टेपरेकॉर्डर विहारात नेला आणि त्याच कॅसेटवर आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, आवाजातली वंदना भरून घेतली. घरात कोरी कॅसेट होती. तेही सांगून टाकते.

राजू परत आला तो घोगरा आवाज घेऊन. पुन्हा कधी गायला नाही. अंकुरची कॅसेट निघाली तेव्हा बाजारात कमानिया गेटपाशी पोरं त्यावरून भांडायची. कुणाला नवा आवाज आवडला, कुणी म्हणे राजूशिवाय यात काही नाही. राजूनं दोन गाणी ऐकली आणि बंद केलं. “माझं काहीच नाही घेतलं त्यानं,” एवढंच बोलला. मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

अंकुर घरी आला. राजू आत झोपला होता. मी दारातच सांगितलं, त्याला तुझं तोंड पाहायचं नाही.

“दीदी, एक बार मिल लेने दो,” तो म्हणाला. “गलती क्या हुई, बस इतना पूछना है.”

मी दार लावलं. त्यानंतर एका कार्यक्रमात पोरांनी ‘राजू, राजू’ ओरडून अंकुरला स्टेजवरून खाली उतरवलं. तो पुन्हा गायला नाही, असं ऐकलं. दोघांचंही गाणं गेलं. एकाचं आजारानं. दुसऱ्याचं?

परवा राजूच्या मुलीनं मोबाइलवर तीच गाणी लावली. राजू घरात नव्हता. मी पहिल्यांदा सगळी ऐकली. राजू जिथं ओरडायचा तिथं अंकुर आवाज खाली आणतो, शेजारी बसून बोलल्यासारखा. दम नाही याच्यात, असं मीच तेव्हा चारचौघांत म्हणत होते. दम नव्हता, की सांगणारं कुणी नव्हतं म्हणून त्यानं आपली वाट काढली? गाणं चांगलं आहे. की मला आता चांगलं वाटून घ्यायचं आहे? माझा माझ्यावर भरवसा नाही.

आबा गेले. दर पौर्णिमेला राजू तीच कॅसेट लावायला सांगतो. खोटं न बोलण्याचं शील आम्ही आबांच्या मागं म्हणतो. मीही म्हणते. वंदना संपते, पण कॅसेट संपत नाही — पुढं थोडी खरखर, आणि मग राजूचा जुना आवाज आहे. एकदा एकटी असताना ऐकला: “अंकुर, यहाँ जल्दी मत करना.” तेव्हापासून बटणाजवळ मीच बसते.

“ताई, इतक्या लवकर काहून बंद करते? पुढं आबांचं काही असेल.”

“काही नाही,” मी म्हणते.

काल पौर्णिमा होती. कालही म्हटलं.