ठोकळ्यातली चीर

"पाऊण तास बेल वाजवली मी! शेजारीण बाहेर आली, तिचा कुत्रा बाहेर आला, तुम्ही तेवढे आला नाहीत. शेवटी पोरगी तिची किल्ली घेऊन आली तेव्हा दार उघडलं!"

"बेल बिघडली असेल."

"बेल धडधाकट आहे!" बायकोने भाजीची पिशवी ओट्यावर आदळली. "दोन वर्षं सांगतेय, कान दाखवा."

"बाबा, नुसतं दाखवायला काय जातं?" मुलगी म्हणाली.

त्याने तोंड फिरवलं. कानांवरच तर त्याचं नाव उभं होतं. ॲल्युमिनियमच्या भट्टीत वीज सोडतात ती कार्बनच्या मोठाल्या ठोकळ्यांतून. एकतीस वर्षं तो हातोडीने ते ठोकळे ठोकून पाहत आला होता. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत चीर, म्हणजे वीज अडणार, वाया जाणार. मोठे साहेबसुद्धा त्याच्या मानेकडे बघत उभे राहायचे, हलते कधी म्हणून.

गेल्या महिन्यात वीज किती अडते ते मोजणारं यंत्र आलं. दोन टोकं ठोकळ्याला टेकवायची आणि आकडा वाचायचा. त्याने घरी त्याची अशी नक्कल केली होती की मायलेकी पोट धरधरून हसल्या होत्या.

आजचं मात्र तो घरी बोलला नव्हता. त्याने पास केलेल्या ठोकळ्यावर यंत्राचा आकडा चढला. "कापा!" तो इरेला पेटून म्हणाला. कापला. आत वीतभर चीर.

यंत्रावरच्या बाई त्याच्या कानाजवळ येऊन म्हणाल्या, "काका, तो बद्दच वाजला होता. आम्हाला वाटलं, तुम्हाला काही वेगळं कळलं असेल."

सगळ्यांना ऐकू आलं होतं. त्याला सोडून.

बायको आता ओरडत नव्हती. ती त्याच्या उजवीकडे, बऱ्या कानाच्या बाजूला येऊन बसली. "मला वाटलं, तुम्ही आत पडलात की काय. म्हणून सोडलीच नाही बेल."

मुलगीही खुर्ची ओढून उजवीकडेच आली. जेवताना, टीव्ही बघताना, दोन वर्षं या दोघी उजवीकडेच बसत होत्या. एवढ्याशा सोफ्यावर दाटीवाटीने. त्याला वाटायचं, तिकडे खिडकीचा वारा लागतो म्हणून.

त्याने मुलीच्या हातातली किल्ली घेतली, खुंटीला अडकवली.

"उद्या मी रजा टाकलीय," तो म्हणाला. "कानाला यंत्र लावून घ्यायचं. दोघींनी बरोबर यायचं."