उडती तबकडी आणि आईची परात

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझ्या मैत्रिणीनं ठरवलं, परग्रहावरच्या लोकांनी नागपूर जिंकायचं. मैत्रिणीचे काका परदेशातून सुट्टीवर आले होते. त्यांच्याजवळ किल्लीवर चालणारा छोटा सिनेकॅमेरा होता आणि एकच रीळ शिल्लक होतं. सिनेमा तीन मिनिटांचा, मुका आणि विनोदी. काका दुसऱ्या दिवशी निघणार, त्यामुळे जे काय व्हायचं ते एका दिवसात आणि पहिल्याच फटक्यात.

कथा माझी, दिग्दर्शन माझं, म्हणून तोराही माझाच. परग्रहवासी झाला माझा मोठा भाऊ, बँकेत नुकताच लागलेला. कूलरची जुनी वाळ्याची ताटी उसवून त्याला दाढी लावली, अंगाला चंदेरी रंग फासला. यान म्हणून आईच्या दोन पितळी परातींची तोंडं जुळवून बांधली. हुबेहूब उडती तबकडी! त्यातली मोठी परात आईला तिच्या आईनं लग्नात दिलेली. त्या आजीला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, तिचा साधा फोटोही घरात नव्हता. आईचा त्या परातीवर फार जीव. विचारलं असतं तर मिळाली नसती, म्हणून विचारलंच नाही. आदल्या दिवशीच पोळ्याच्या पुरणपोळ्या होऊन गेल्या होत्या, म्हणजे आज परातीची आठवण व्हायचं कारण नव्हतं.

आता हवी होती घाबरून पळणारी जनता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. रोगराई, महागाई, जे जे नकोसं त्याचे पुतळे, म्हणजे बडगे, करायचे आणि वाजतगाजत नेऊन जाळायचे. अख्खं शहर इतवारीत लोटतं. हातगाडीवर बांबूंना सुतळीनं टांगलेली तबकडी, तबकडीखाली दादा, अशी स्वारी आम्ही थेट गर्दीत घातली. दादा हात पसरून गुरगुरला.

एक माणूस पळेल तर शपथ!

"हा कशाचा बडग्या हाय गा?" एकानं विचारलं. उत्तराची वाट कोण पाहतो? दहा जणांनी गाडी ढकलायला घेतली. "घेऊन जा गे मारबत!" गर्दीनं आरोळी ठोकली. दादा ओरडत होता, "अरे, मी माणूस हाय गा!" लोक आणखीनच खूश. बोलणारा बडग्या त्यांनी कधी पाहिला नव्हता.

शेवटच्या दृश्यात दादानं नागपूरवर झेंडा रोवायचा होता. रिळात जेमतेम अर्धं मिनिट उरलं होतं आणि आमचा विजेता जळायला निघाला होता. मला अक्षरशः रडू फुटलं. मैत्रीण मात्र कॅमेरा डोळ्याला लावून गाडीमागे धावत होती.

तेवढ्यात रस्त्याकडेच्या बायकांमधून पदर खोचून आई निघाली. तिला आधी दिसली ती परात.

"थांबा गा! माझ्या मायची परात हाय थे!"

गर्दी चक्क थांबली. आईनं सुतळ्या सोडल्या, मोठी परात कमरेवर घेतली आणि चालू लागली. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाली, "आन थो बी माझाच हाय. काहून बसून राहिला रे? उतर खाली!"

रीळ तिथंच संपलं. झेंड्यासाठी राखलेलं अर्धं मिनिट मैत्रिणीनं आईवर घालवलं, म्हणून मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

काकांनी ते तिकडेच धुवून घेतलं आणि दिवाळीनंतर पाठवलं. कॉलेजचा प्रोजेक्टर आणून घरच्या भिंतीवर लावलं. दादाची दाढी पाहून आम्ही लोळलो. आई हसली नाही. परात कमरेवर घेऊन भिंतीवरून चालत गेलेल्या त्या बाईकडे ती टक लावून पाहत राहिली. स्वतःला चालताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"मी अशी चालते काय वं?" तिनं मला विचारलं.

"हो. का?"

"माझी माय अशीच चाले."

मग डोळे पुसून म्हणाली, "पुन्हा लाव वं." त्या संध्याकाळी आम्ही ते सात वेळा लावलं.