पाय धुण्याचा मान

विहिणीने वरमाईचे पाय धुवायचे, ही पद्धत हल्ली आमच्या पनवेलमध्ये फार थोड्या घरांत राहिली आहे. मुलीकडच्यांनी बैठकीतच हळूच विचारलं होतं, "एवढं एक राहू द्यायचं का? हॉल वेळेत रिकामा करायचा असतो." आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. मी मात्र ताठ बसून म्हटलं, "देणंघेणं काही नको आम्हाला. साड्या नकोत, भांडी नकोत. पण पाय धुणं व्हायला हवं. माझ्या आईने माझ्या सासूबाईंचे धुतले होते."

धुतले होते, हे खरं. आपटा गावातल्या माझ्या माहेरच्या अंगणात, मांडवात, आई खाली बसली होती आणि सासूबाई शेजारणीशी गप्पा मारत पाय पुढे करून बसल्या होत्या. आईकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. नवरी असून माझ्या डोक्यात असा राग गेला होता म्हणून सांगू! तो राग इतकी वर्षं जपून ठेवला आणि काढला कुणावर, तर ह्या बिचाऱ्या विहीणबाईंवर. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. बैठक संपवून मी अशी तोऱ्यात उठले, की जणू राज्यच मिळालं.

उठताना उजव्या पायाचा अंगठा ठणकला. तेव्हाच शहाणी झाले असते तर! मला नखं ब्लेडने कापायची सवय, तीही कोपऱ्यातून अगदी आतपर्यंत. त्यात लग्नासाठी घेतलेल्या टोकदार चपला सैल व्हाव्यात म्हणून घरात घालून फिरत होते. नखाचा कोपरा मांसात रुतला. आधी नुसतं लाल झालं, मग कडेने पू यायला लागला. हे म्हणाले, "अगं, दाखवून ये. शुगर आहे तुला." मी फणकारले, "नखासाठी डॉक्टर? लोक हसतील. लग्न तोंडावर आलंय आणि मी काय पाय वर करून बसू?" हळद-तेल लावलं, कोकमतेल लावलं, एकदा सुईने कोपरा उचकटायचा उद्योगही करून बघितला. शुगरच्या गोळ्या तर लग्नाच्या धावपळीत घ्यायचं लक्षातच राहत नव्हतं.

आणि मग एक दिवस दुखायचं थांबलं. मी काय खूश झाले! बघा, म्हटलं, आपोआप गेलं. गेलं कुठलं? अंगठा टोकाला जांभळा होता, पाणी झिरपत होतं, पण दुखत नव्हतं ना, मग मला बरंच वाटत होतं. पुढे सर्जन म्हणाले, शुगरवाल्या माणसाचा पाय दुखेनासा झाला की सगळ्यात आधी धावत यायचं. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की नाही, कोण जाणे.

वास यायला लागला, तेव्हा मात्र मी घाबरले. मुलगा हॉलमध्ये बसून पत्रिकांवर नावं घालत होता. एकदम नाक आक्रसून म्हणाला, "आई, उंदीर मेलाय का गं कुठे?" आणि सोफा सरकवून खाली टॉर्च मारायला लागला. मी काय करावं? मीही त्याच्याबरोबर वाकून उंदीर शोधला. कपाटामागे बघ, म्हटलं, गॅलरीत बघ. अजून ते आठवलं की अंगावर काटा येतो. पोटच्या पोरासमोर मी माझ्याच पायाचा उंदीर शोधत होते.

तेव्हाही पाय दाखवता आला असता. विहीणबाईंना फोन करून "राहू द्या ते पाय धुण्याचं" म्हणता आलं असतं. रोज फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. इतक्या बायकांत नाक वर करून मागितलेला मान परत कुठल्या तोंडाने करायचा? कारण तरी काय सांगायचं?

हळदीच्या दिवशी मला वाटलं, देवच पावला. सगळ्यांचेच पाय पिवळे. मी अंगठ्यावर हळदीचा जाड लेप थापला आणि वाळू दिला. लग्नाच्या सकाळी त्यावर आणखी एक हात दिला, पावडर मारली, वरून अत्तरही शिंपडलं. जोडवी चकचकीत घासली. आरशासमोर पाय पुढे करून बघितला आणि म्हटलं, चल, कोणाच्या बापाला कळत नाही.

अक्षता पडल्या. मला खुर्चीवर बसवलं, पुढे परात ठेवली. विहीणबाई पैठणीचा पदर खोचून खाली बसल्या. त्यांचे गुडघे धरलेले होते, बसताना "आई गं" म्हणाल्या. बायका मोबाइल वर करून कोंडाळं करून उभ्या. त्यांनी डावा पाय धुतला, पुसला, हळदकुंकू लावलं. मग उजवा हातात घेतला आणि तांब्यातलं कोमट पाणी ओतलं.

लेप सुटला. पिवळं पाणी परातीत पडलं, त्यामागोमाग पू, त्यामागोमाग रक्त. अत्तरातून तो वास वर आला. विहीणबाईंचा हात थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मी, माझी सासू बघायची तशी, दुसरीकडे बघायला लागले. जमिनीने पोटात घ्यावं, असं वाटलं.

वाटलं, आता ही ओरडणार. किमान नाकाला पदर तरी लावणार. पण नाही. त्यांनी खोचलेला पदर सोडला आणि परातीवर असा पसरला, की एकाही मोबाइलला पाय दिसू नये. "पाणी जरा गरमच झालं हो," मोठ्याने म्हणाल्या, "दुसरं आणा गं." पदराआड त्यांनी तो अंगठा धुतला. बोटांच्या बेचक्या धुतल्या. नव्या नॅपकिनने टिपून टिपून पुसला. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "फार दुखतंय का हो?"

"नाही," मी म्हटलं. खरंच दुखत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. परात उचलायला पोरी पुढे आल्या, तर त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. गुडघ्यांवर जोर देऊन उठल्या आणि स्वतः घेऊन गेल्या. पदराची जर हळद-पुवाने माखली होती.

घरच्या सत्यनारायणाला मला हुडहुडी भरली. आरतीच्या वेळी मी खालीच बसले. नव्या सुनेने उठवायला पाय धरला आणि घोट्यापर्यंत चढलेली लाली बघून ह्यांना हाक मारली. सर्जन म्हणाले, पू हाडापर्यंत गेलाय. "काकू, सुरुवातीला आला असतात तर नखाची कड काढून लगेच घरी सोडलं असतं. आता अंगठा ठेवला तर पाय जाईल." अंगठा काढला. नातेवाइकांना आम्ही सांगितलं, जिन्यात ठेच लागली, नख उपटलं. हे खोटं माझंच. ऑपरेशनची भूल उतरायच्या आत सुचलं मला ते.

घरी आल्यावर मी मोजा घालून वावरायला लागले. ड्रेसिंगला ह्यांच्याशिवाय कुणाला खोलीत येऊ द्यायची नाही. विहीणबाई बघायला आल्या, फळं घेऊन. दोघीही हवापाण्यावर बोललो. मला माफी मागायची होती, तोंड उघडेना.

मग लग्नाचा व्हिडिओ आला. मी आणि सून बघत बसलो. अक्षता झाल्या आणि त्यानंतर एकदम पंगत. मी म्हटलं, "अगं, मधलं कुठे गेलं?" सून टीव्हीकडेच बघत म्हणाली, "मम्मीने कापायला सांगितलं व्हिडिओवाल्यांना. म्हणाली, आईंना बघायला बरं वाटणार नाही." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण तेव्हाही मी "बरं" म्हणून विषय संपवला.

दिवाळीत माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या. लेकीच्या बाळंतपणामुळे त्यांना लग्नाला येता आलं नव्हतं, म्हणून आल्या आल्या व्हिडिओ लावायला लावला. आमच्या हॉलमध्ये सगळे दाटीवाटीने बसलेले. अक्षता झाल्या, पंगत सुरू झाली.

"हे काय?" नणंदबाई म्हणाल्या. "पाय धुतलेच नाहीत? वहिनी, तू तर केवढी अडून बसली होतीस!" मग चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडे वळल्या. "तुझ्या आईला जड गेलं वाटतं गं वाकायला? एवढा साधा मान ठेवता आला नाही?"

सुनेने मान खाली घालून नणंदबाईंपुढे चहाचा कप धरला. आमचे हे घसा खाकरून माझ्याकडे बघायला लागले. पोरगी एक शब्द बोलली असती तर मी उघडी पडले असते. ती बोलली नाही. आईचं नाव खराब होऊ दिलं आणि माझं झाकलं. मला माझी आई आठवली, अंगणात खाली बसलेली.

"वन्सं, धुतले," मी म्हटलं. "माझ्या आईने धुतले नसतील एवढे चांगले धुतले."

"मग दिसत कसे नाहीत?"

मी पाय टीपॉयवर ठेवला आणि सगळ्यांसमोर मोजा काढला.