राजाच्या माथी मारलेला दगा

हे मी आजवर एकाही माणसाजवळ बोललेलो नाही. बेळगावच्या टिळकवाडीत शेजारीपाजारी आपल्या मुलांना माझ्या सचोटीचे दाखले देतात. ते ऐकताना मला संताप येतो — देणाऱ्यांचा काय दोष? — निमूटपणे ऐकून घेणाऱ्याचा, माझा स्वतःचा.

बोलपट यायच्या आधीची गोष्ट. एका फिरत्या तंबूतल्या सिनेमात मी पडद्याशेजारी उभा राहून चित्र समजावून सांगत असे. पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटत. मी ती आधी मराठीत सांगे, मग कानडीत. तंबूत इंग्रजी येणारा बहुधा मी एकटाच. माणसे माझ्या शब्दावर विसंबत — किती सहज विसंबत!

त्या हंगामात एका तरुण राजपुत्राचे चित्र होते. चुलत्याने बळकावलेली गादी तो परत मिळवतो, आणि पडत्या काळात जिने आसरा दिला त्या कुंभाराच्या मुलीला राणी करतो. राज्याभिषेकाला ती भरजरी वस्त्रांत, चेहरा झाकून, त्याच्या शेजारी बसते. ही तीच, हे केवळ अक्षरे सांगतात.

आणि पद्मा. बोरगावच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. निपाणीत बहिणीकडे राहत असे. घरी कानडी, माझ्याशी मराठी. दोन वर्षे मी तिला लग्नाचे वचन देत होतो. माझ्या भरवशावर तिने दोन स्थळे परतवली होती. "निपाणीत चित्र लागेल तेव्हा ये," मी म्हणालो होतो, "ती आपलीच गोष्ट आहे." शेवट मात्र सांगितला नव्हता.

चित्र निपाणीत येण्याच्या आठवडाभर आधी मामांनी बेळगावचे स्थळ आणले. मुलीचे वडील कचेरीत वरच्या जागेवर. लग्नाबरोबर मला कारकुनाची खुर्ची. मी होकार दिला. किती वेळ लागला? समोरचे ताट उचलले जाईपर्यंतही नाही. आता पद्माला सांगणे तेवढे उरले — आणि ते मी कसे सांगितले?

बाजाराच्या दिवशी निपाणीत एकच खेळ झाला. बायकांच्या बाजूला, कनातीजवळ, ती बहिणीसोबत बसली होती. शेवटची अक्षरे उमटली: 'कुंभाराच्या लेकी, अर्धे सिंहासन तुझे.' मी वाचले — वाचले म्हणायचे का याला? — "शेजारच्या राज्याची राजकन्या राणी झाली. कुंभाराच्या मुलीने राजाला विसरावे, असा निरोप गेला." मग तेच कानडीत; अधिक सावकाश, अधिक स्पष्ट.

तंबू खवळला. "ह्यो राजा म्हणायचा व्हय रं?" एक जण ओरडला. "गादी दिसली, आन् भाकरी घालणारीला इसरला!"

दुसऱ्याने पायताण भिरकावले. ते राजाच्या छातीवर लागून खाली पडले.

"आप्पा, पडदा फाटंल!"

"फाटू दे की! लई माजलाय त्यो!"

मी तिथून तीन हातांवर उभा होतो. मला कुणी काही म्हणाले नाही.

बाहेर पडताना पद्मा माझ्यासमोर थांबली. "ती राजकन्याच हुती नव्हं? खरं सांगा."

"हो," मी म्हणालो.

"मग राजानं सोता येऊन सांगायचं की वो," ती म्हणाली. "त्यासाठनं एवढी माणसं कशाला गोळा केली?"

महिन्याभरात ती बोरगावला परतली. दोन मुलांच्या बिजवराला तिला दिल्याचे पुढे कानावर आले.

तरुण वय, मामांचा धाक — हे शब्द मी इथे लिहिले होते, खोडले. भित्रेपणा म्हणावा, तर तेही सौम्यच. भित्रा माणूस गप्प बसतो. मी तीनशे माणसांपुढे, दोन भाषांत, मोठ्याने बोललो — आणि शिव्या खायला एका मुक्या राजाला पुढे केले.

दुसऱ्या दिवशी तंबू संकेश्वरला लागला. तिथे मी शेवट जसाच्या तसा वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, राजाचा जयजयकार केला. निपाणीत त्या राजाने जे पायताण खाल्ले, ते माझ्या वाट्याचे होते.