बंद केबिनमधले ठोके

भूतखेत, अंगात येणं, मेलेल्यांनी स्वप्नात येऊन सांगणं... यातलं काहीही मी मानलेलं नाही. आताही मानत नाही. शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन नातीने तपासलंय, बाकी मजकूर माझा. पटला नाही तर सोडून द्या.

मी वारज्याला एका खासगी कंपनीत झाडलोट करते. माणसांना चंद्राभोवती फिरवून आणणाऱ्या यानाची केबिन तिथे बनवून बघतात. खरी नव्हे, खऱ्या मापाची. एकाला आत बसवून दार लावायचं, आणि त्याचा उच्छ्वास शुद्ध होऊन त्याला पुन्हा चांगली हवा मिळते का, ते तासन्‌तास बघायचं. आत माणूस असेपर्यंत बाहेर एकाने बसून राहायचं, असा तोंडी नियम.

गेल्या उन्हाळ्यात, दुपारी सव्वादोनची वेळ. आत रेवती मॅडम, खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेल्या. बाहेर बसायचे ते कुलकर्णी साहेब चहा घेऊन पॅसेजमध्ये फोनवर. मी केबिनमागची फरशी पुसत होते — आणि आतून ठोके आले. दोन. मग थांबून एक. लोखंडावर पाना आपटावा तसे.

माझा नवरा कारखान्यातल्या तेलाच्या टाक्या आत उतरून साफ करायचा. त्यांच्या टोळीची ही खूण. दोन आणि एक, म्हणजे मला बाहेर काढा. घरी न्हाणीत टॉवेल विसरला तरी दारावर असंच ठोकायचा. बावीस वर्षांपूर्वी टाकीत त्याने ठोकलं, तेव्हा झाकणापाशी बसायचा माणूस तंबाखू आणायला गेला होता. शेजारच्या टाकीवरच्याने ऐकलं, पण ते त्याचं काम नव्हतं म्हणे. कंपनीने मला कागद दिला : मयताचा निष्काळजीपणा.

मी पॅसेजमध्ये गेले. "साहेब, मॅडम ठोकतायत."

"मावशी, आतून चार बोटं स्पंज आहे. ठोकलं तरी ऐकू येणार नाही."

"मला आलं."

त्यांनी येऊन स्क्रीन दाखवला. "बघा, सगळं हिरवं. मॅडम झोपल्यात. वेळापत्रकात झोपच आहे आत्ता."

"दार उघडा."

"सकाळपासूनची टेस्ट वाया जाईल!"

"आणि बाई वाया गेली तर चालेल?"

ते हसले. मी हँडल ओढलं. रोज पुसते, कसं फिरतं ते मला माहीत होतं. मॅडमचा चेहरा घामाने निथळत होता. हाक मारली तर ओ देईनात. मग साहेबांचं हसू गेलं. दोघांनी मिळून ओढून बाहेर काढलं. दहा मिनिटांनी त्या शुद्धीवर आल्या आणि भडाभडा ओकल्या.

नंतर समजलं, आतला पंखा बंद पडला होता. हवा मोजणारं यंत्र शुद्ध हवेच्या नळीपाशी बसवलेलं. तिथे हवा चांगली, मॅडमच्या नाकापाशी विषारी. म्हणून स्क्रीन हिरवा.

पण ठोके? कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांनी पाहिलं. मॅडमचे हात पट्ट्यांखाली, एकदाही हललेले नाहीत. आतल्या माईकवर कसलाही आवाज नाही. इंजिनियर लोक म्हणाले, पत्रा तापून वाजला असेल. मग दोन दिवस तापवून बघितला. वाजला नाही.

आठ दिवसांत छापील नियम लागला. बाहेरच्या माणसाने जागा सोडायची नाही. सोडायचीच तर आधी दुसरा बसवायचा. चांगला नियम आहे. चंद्रावर जाणाऱ्यांसाठी लोकांना सुचतो. टाकीत उतरणाऱ्यांसाठी कुणाला सुचला नाही.

मॅडम मला भेटायला आल्या. "मावशी, मी नाही ठोकलं. मग कोणी?"

"माहीत नाही," म्हटलं. खरंच माहीत नाही. नवराच होता, असं मी म्हणणार नाही. बावीस वर्षांत तो एकदाही घरी आलेला नाही. पोरीच्या लग्नात नाही, मी टायफॉइडने पडले होते तेव्हा नाही. आता आलाच असेल, तर परक्या बाईसाठी आला... आणि तोही कामावर.