दर शंभरावी ओळ

काळ्या स्क्रीनवर पंधरा ओळी उमटल्या. झाडं तोडून रस्ता रुंद करायचा, त्यावर लोकांनी पाठवलेली हरकतींची पत्रं मीच महिनाभर बसून एका फाइलमध्ये टाइप केली होती. साहेब म्हणाले, "एवढं कोण वाचणार? दर शंभरावी ओळ काढा. म्हणजे पक्षपात नको." मी कमांड दिली आणि क्षणात निवड झाली.

"महोदय." "वरील विषयास अनुसरून." "आपला विश्वासू." पुन्हा "महोदय." आणि मध्येच एक ओळ, "तेवढ्याच सावलीत आईला चालवून आणतो."

साहेबांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "यात हरकत कुठे आहे?" म्हणाले, आणि ठोस हरकत नाही असं अहवालात लिहायला लावलं.

त्याला खोटंही म्हणता येत नाही, हे जास्त झोंबतं. आपली माणसं अदबीनं सुरुवात करतात, अदबीनं संपवतात आणि दुखणं मध्येच कुठेतरी एका ओळीत सांगून टाकतात. आकडे मोजत गेलं की अदबच हाती लागते.

सापडलेल्या ओळीच्या मागच्यापुढच्या ओळीही दाखवायची सोय त्या कमांडमध्ये असते. दोन अक्षरं जास्त टाइप करावी लागतात. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं.